पण पुढे काय?

"तू पत्रकार आहेस ना? मग शोध आणि सांग मला. ह्यात पोट भरतं का?"

रविवार सकाळचे साडेनऊ. स्थळ : इंदिरानगर, आमचा हॉल. टीपॉयवर मिसळीचं पार्सल, रस्सा अजून पिशवीतच. नाशिककराच्या घरात रविवारी मिसळ गार होतेय आणि कुणी हात लावत नाहीये, म्हणजे मामला सॉलिड सीरियस आहे हे समजून घ्या.

मामला असा. आमचे बंधुराज नुकतेच बारावी झाले. सीईटीचा स्कोअर बरा आहे. ग्रेट नाही, पण कुठल्यातरी इंजिनिअरिंग कॉलेजात घुसता येईल इतपत. त्याच्या बरोबरीची पोरं कॅप राउंडचे फॉर्म भरताहेत आणि ह्या महाशयांनी मिसळीच्या आधी बॉम्ब टाकला, "पुण्याला एका क्लबच्या ट्रायल्स आहेत. मी जाणारे. सिलेक्ट झालो तर एक वर्ष फक्त फुटबॉल."

आई किचनमध्ये गेली. (आमच्याकडे आई किचनमध्ये गेली की समजायचं, ह्या विषयावर ती मत देणार नाही, पण सगळं ऐकणार आहे.) बाबांनी चष्मा काढून पुसला. बाबा म्हणजे अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत बत्तीस वर्षं अकाउंट्स सांभाळून रिटायर झालेला माणूस. त्यांच्या हातून कधी आवाज चढला नाही आणि कधी ताळेबंद चुकला नाही. ते शांतपणे म्हणाले, "चांगलं आहे. पण पुढे काय?"

तुमच्याही घरात हा प्रश्न असणारच. अॅनिमेशनला जायचंय? पण पुढे काय? नोकरी सोडून बेकरी काढायचीय? पण पुढे काय? सहा वर्षांपूर्वी मी मास कॉमला अॅडमिशन घेतली तेव्हा ह्याच हॉलमध्ये, ह्याच सोफ्यावर मला हाच प्रश्न विचारला होता. त्यामुळे धाकट्याने मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. बाबांनीही माझ्याकडेच पाहिलं. आणि मग ते वरचं वाक्य आलं.

तर मंडळी, ह्या आठवड्याचा कॉलम म्हणजे माझा बाबांना सादर केलेला रिपोर्ट आहे.

हीरो नको, मधला माणूस हवा

बाबांची पहिली अट : "मेस्सी-रोनाल्डोचं सांगू नकोस. लॉटरी लागलेल्या माणसावरून धंद्याचा अंदाज बांधत नाहीत." पॉइंट होता. मग मी शोधलं आपल्याच मातीतलं नाव. अनिकेत जाधव. कोल्हापूरचा. जन्म २००० सालचा. फॉरवर्ड, म्हणजे गोल मारायचं काम. वडील रिक्षा चालवायचे.

कोल्हापूर का, हे नाशिककरांना थोडं समजावून सांगावं लागतं. आपल्याकडे मैदान म्हटलं की क्रिकेट. फुटबॉल म्हणजे हल्ली रात्री दहानंतर टर्फ बुक करून आयटीवाल्यांनी घाम गाळायचा प्रकार. कोल्हापुरात तसं नाही. तिथे तालमींचे फुटबॉल संघ आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब... कुस्तीच्या तालमीच्या नावाने अकरा जण बूट घालून उतरतात आणि शाहू स्टेडियमवर अख्खी पेठ त्यांच्यामागे उभी राहते. तिथल्या पोराला 'फुटबॉल खेळतो' हे सांगताना मान खाली घालावी लागत नाही.

अनिकेत लहानपणीच बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. तिथून पुणे एफसीची अकादमी. आणि मग २०१७ साली भारतात झालेला सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप. फुटबॉलच्या कुठल्याही फिफा वर्ल्ड कपमध्ये भारत खेळण्याची ती पहिलीच वेळ. दिल्लीच्या नेहरू स्टेडियममध्ये ६ ऑक्टोबरला अमेरिका, मग कोलंबिया, मग घाना. तिन्ही मॅच हरलो. नऊ गोल खाल्ले, एक मारला. तो जीक्सन सिंगचा. पण त्या पोरांनी देशाला रात्री टीव्हीसमोर बसवलं. रिक्षावाल्याचा मुलगा वर्ल्ड कपमध्ये! सगळ्या पेपरांनी छापलं.

"इथपर्यंत माहीत आहे," बाबा म्हणाले. "सिनेमा इथेच संपतो. मला इंटरव्हलनंतरचं सांग."

इंटरव्हलनंतर

इंटरव्हलनंतरची गोष्ट कुणी फारशी सांगत नाही, आणि खरी मजा तिथेच आहे.

त्या वर्ल्ड कपच्या पोरांना एकत्र ठेवायला फेडरेशनने 'इंडियन अॅरोज' नावाचा संघ आय-लीगमध्ये उतरवला. पहिलीच मॅच २९ नोव्हेंबर २०१७ ला, गोव्यात, चेन्नई सिटीविरुद्ध. अॅरोज ३-० ने जिंकले आणि त्यातले दोन गोल अनिकेतचे. सतरा वर्षांचा पोरगा, मोठ्यांच्या लीगमधली पहिली मॅच, दोन गोल. धाकटा सोफ्यावरून उठलाच. बाबांनी त्याला हातानेच खाली बसवलं.

२०१९ मध्ये अनिकेत सरावासाठी इंग्लंडला गेला. ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे. आता हे ब्लॅकबर्न म्हणजे एकेकाळचे, १९९५ चे प्रीमियर लीग चॅम्पियन. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये ते विकत घेतलं कुणी? आपल्या पुण्याच्या वेंकीजने. हो, तेच चिकनवाले! २०१२ मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून खाली घसरला, २०१७ मध्ये आणखी एक पायरी खाली, तिसऱ्या पातळीवर. २०१८ मध्ये एक पायरी वर आला. म्हणजे अनिकेत गेला तेव्हा तो दुसऱ्या पातळीवरचा क्लब होता. काही महिने तिथे घाम गाळून तो परत आला. तिथे करार काही झाला नाही.

मग जमशेदपूर एफसी. इंडियन सुपर लीग. पहिल्याच मोसमात हैदराबादविरुद्ध गोल. पुढे तो त्याच हैदराबादकडे गेला आणि २०२१-२२ ला आयएसएल जिंकणाऱ्या संघात होता. त्या मोसमात ईस्ट बंगालला त्यांनी ४-० ने धुतलं. तीन गोल बार्थोलोम्यू ओगबेचेचे, एक अनिकेतचा. मार्च २०२२ मध्ये बहारीन आणि बेलारूसविरुद्धच्या मॅचेससाठी सीनियर इंडिया संघात निवड झाली. त्याच वर्षी तो ईस्ट बंगालला गेला, मग ओडिशा एफसीला.

ऐकायला मस्त वाटतं ना? पण त्या ४-० मध्येच एक मेख आहे. भारतीय फॉरवर्डची अडचण काय असते, तर संघातली नऊ नंबरची, म्हणजे अगदी पुढची जागा क्लब बहुतेक वेळा परदेशी खेळाडूला देतात. ओगबेचेने त्या मोसमात १८ गोल मारले. जमशेदपूरला सर्जिओ कॅस्टेल होता. आता कोच झाल्यावर तुम्ही कुणाला खेळवाल? त्यामुळे लहानपणी जो पोरगा 'गोल मारणारा' म्हणून मोठा होतो, तो क्लबात आला की हळूहळू कडेला सरकतो. विंगवर धाव, क्रॉस टाक, मागे येऊन बचाव कर. गोलच्या रकान्यात एक-दोन आकडे, पण पळून पळून पायांचे तुकडे. ऑफिसमध्ये 'क्रिएटिव्ह' म्हणून घेतात आणि एक्सेल भरायला बसवतात, तसं. फरक इतकाच की एक्सेल नीट भरलं म्हणून टाळ्या पडत नाहीत आणि इथे तर गोल नाही मारला म्हणून शिव्या पडतात.

बाबांची वही

बाबांनी आता खणातून लाल पुठ्ठ्याची वही काढली. उभ्या रेघा मारल्या. साल, क्लब, क्लबची सद्यस्थिती. मी सांगत गेले, ते लिहीत गेले.

"पुणे एफसी?"
"२०१५ मध्ये बंद."
"अॅरोज?"
"२०२२ मध्ये गुंडाळला."
"जमशेदपूर?"
"चालू. टाटांचा आहे."
बाबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं. "हैदराबाद?"
"तो आला पुणे सिटीच्या जागी, २०१९ ला. मग पगार रखडले, मोठे खेळाडू सोडून गेले. २०२५ मध्ये तो गेला दिल्लीला. आता नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली."
"आणि ओडिशा?"
"तो आधी दिल्लीचा होता. दिल्ली डायनामोज. २०१९ ला भुवनेश्वरला गेला."

बाबांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे पुण्याचा हैदराबादला, हैदराबादचा दिल्लीला, दिल्लीचा भुवनेश्वरला. हे क्लब आहेत की बदलीवरचे तलाठी?"

किचनमधून आई हसल्याचा आवाज आला. धाकटा मात्र हसला नाही.

आणि हे कमी म्हणून २०२५ च्या जुलैत तर अख्खी आयएसएलच थांबवली गेली. फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी ह्यांच्यातला करार संपत आला होता आणि पुढचा ठरेना. काही क्लबांनी खेळाडूंचे पगारच रोखून धरले. इंडियाकडून खेळलेली माणसं घरी बसून 'आम्हाला खेळू द्या' म्हणत होती. विचार करा, तुमची कंपनी बंद नाही, तुम्हाला काढलेलंही नाही, फक्त 'ऑफिस कधी उघडेल सांगता येत नाही.' आणि तुमच्या धंद्याचं आयुष्यच मुळात पंधरा वर्षांचं. त्यातलं निम्मं वर्ष असं गेलं तर ते कोण भरून देणार?

"एक्झॅक्टली," बाबा म्हणाले. हा शब्द ते फक्त ऑडिटरशी बोलताना वापरायचे.

बरीची गोष्ट

"पण ताई, फॉरेनला असं नसतं," धाकट्याने शेवटचा पत्ता टाकला. "तिकडे खालच्या लीगमध्ये पण लाइफ सेट असतं."

मग मी त्याला बायचुंग भुतियाची गोष्ट सांगितली. मराठी नाही, सिक्कीमचा. पण भारतीय फॉरवर्ड आणि इंग्लंडची खालची लीग हे दोन्ही शब्द एका वाक्यात आणणारा तोच. १९९७ मध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर सव्वा लाखाहून जास्त लोकांसमोर मोहन बागानविरुद्ध हॅटट्रिक मारलेला माणूस १९९९ मध्ये गेला बरी नावाच्या क्लबात. मँचेस्टरजवळचं छोटं गाव, तिसऱ्या पातळीचा क्लब, गिग लेन नावाचं जेमतेम बारा हजारांचं मैदान. पहिली मॅच ऑक्टोबर १९९९, कार्डिफविरुद्ध. पहिला लीग गोल? एप्रिल २०००. सहा महिने वाट! गुडघ्याने त्रास दिला. जवळजवळ तीन वर्षांत लीगमध्ये ३७ मॅच, ३ गोल. २००२ मध्ये परत.

आणि तो बरी क्लब? स्थापना १८८५, दोनदा एफए कप जिंकलेला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पैशाच्या भानगडीत लीगमधून हाकलला गेला. सव्वाशे वर्षं लीगमध्ये असलेला क्लब! गावातले लोक फाटकाशी उभे राहून रडले. मग त्यांनीच पुन्हा उभा केला आणि २०२३ पासून तो गिग लेनवर, पार तळाच्या लीगपासून, खेळू लागला.

"लिहा बाबा," मी म्हटलं. "बंद आणि पुन्हा चालू."

हे ऐकून धाकट्याचा चेहरा इतका पडला की मला माझीच लाज वाटली. म्हणून एक गोष्ट त्याच्या बाजूची पण सांगितली. रिकी लॅम्बर्ट. लिव्हरपूलच्या पोराला लिव्हरपूलनेच पंधराव्या वर्षी नारळ दिला. पुढे क्लब मिळेना तेव्हा ह्याने बीटरूटच्या कारखान्यात बाटल्यांना झाकणं लावली. मग मॅकल्सफील्ड, स्टॉकपोर्ट, रॉचडेल, ब्रिस्टल रोव्हर्स... नकाशावर शोधावी लागतील अशी गावं. २००९ मध्ये साउथहॅम्प्टनला आला तेव्हा तो क्लबही तिसऱ्या पातळीवरच होता. दोघं मिळून वर चढले. १४ ऑगस्ट २०१३, वेम्बली, स्कॉटलंडविरुद्ध इंग्लंड. एकतिसाव्या वर्षी पहिली संधी, बदली खेळाडू म्हणून आला आणि चेंडूला पहिला स्पर्श केला तोच गोल!

बाबांनी विचारलं, "हा किती जणांमागे एक?"

मला उत्तर देता आलं नाही. पण एवढं सांगितलं की इंग्लंडमध्ये वरच्या चार पातळ्यांवर मिळून ९२ क्लब आहेत आणि त्याखाली आणखी कितीतरी. वरून पडलात तर खाली जाळी आहे आणि खालून चढायला जिना आहे. आपल्याकडे आय-लीग जिंकून आयएसएलमध्ये जायची सोयच मुळी २०२३ मध्ये पंजाब एफसीपासून सुरू झाली. लॅम्बर्ट काही फक्त जिद्दीवर चढला नाही, त्याच्या पायाखाली पायऱ्या होत्या. आपल्या पोरांकडे जिद्द कमी नाही, पायऱ्या कमी आहेत. त्यामुळे 'मेहनत कर, सगळं मिळेल' हा जो आपला फेवरिट फंडा आहे ना, तो पोरांना देताना जरा जपून द्यावा.

मग पोट भरतं का?

माझा रिपोर्ट असा : भरतं, काही जणांचं, काही वर्षं. वरच्या लीगमध्ये पोचलेल्याचं नीट भरतं. मधल्याचं महिन्या-महिन्यावर असतं. आणि जे पोचत नाहीत त्यांच्याबद्दल कुणी लिहीतच नाही, म्हणून त्यांचा हिशोब कुणाकडेच नाही. अनिकेत जाधव हा 'फेल' गेलेला सुपरस्टार नाही की लॉटरी लागलेला पोरगाही नाही. वर्ल्ड कप खेळला, आयएसएल विजेत्या संघात होता, इंडियाच्या संघात निवडला गेला, आणि प्रत्येक वेळी बॅग भरून पुढच्या गावी गेला. ह्यालाच बहुतेक करिअर म्हणतात. आपलीही अशीच असतात, फक्त पाठीवर नंबर नसतो.

रिपोर्ट ऐकून झाल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग धाकटा मला म्हणाला, "ताई, तुझा पहिला कॉलम यायचा ते मॅगझिन पण बंद पडलं ना? दोन महिन्यांचे पैसे बुडवून?"

"पडलं."

"मग तू का नाही सोडलंस?"

तुम्हाला सांगते, एवढे इंटरव्ह्यू घेतले, पण असा प्रश्न मला कधी सुचला नाही. मी काहीतरी पुटपुटले. आवड वगैरे. खरं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

बाबांनी वहीचं पान उलटलं. मला वाटलं कोरं असेल. नव्हतं. त्यावरही उभ्या रेघा होत्या, पण जुन्या. तारीख, मासिकाचं नाव, लेखाचं नाव, रक्कम, शेरा. माझे सगळे लेख! पहिल्यापासून. शेऱ्याच्या रकान्यात कुठे 'जमा', कुठे 'येणे', आणि त्या बंद पडलेल्या मॅगझिनसमोर, लाल शाईत, 'बुडीत'. सहा वर्षांची चार पानं. मला वाटायचं, बाबा माझं काही वाचत नाहीत.

"एकूण बरी आहे," बाबा म्हणाले. "नियमित नाही. पण बरी आहे."

मिसळ गरम करून खाल्ली. तोडगा निघाला तो असा : कॅप राउंडचा फॉर्म भरायचा, प्रेफरन्समध्ये पुण्याची कॉलेजं टाकायची आणि ट्रायल द्यायची. सिलेक्ट झालास तर कॉलेज आणि क्लब दोन्ही, वर्षभर. वर्षाने वही उघडू. धाकट्याला हे फारसं आवडलं नाही. बाबांनाही नाही. म्हणजे बहुधा बरोबर असावं.

ट्रायलच्या दिवशी पहाटे साडेचारला मला जाग आली ती स्कूटरच्या आवाजाने. बाबा त्याला ठक्कर बझारला सोडायला निघाले होते. रथचक्र चौकात अजून दिवे होते, जॉगिंग ट्रॅकवाली मंडळीसुद्धा उठली नव्हती. तासाभराने बाबा परत आले, म्हणाले, बस वेळेवर सुटली. मग चहा न घेताच वही काढून बसले.

धाकटा रात्री आला. गुडघा खरचटलेला. "शंभरेक मुलं होती. एक गोल मारला. मग मला विंगवर टाकलं. कळवतो म्हणालेत."

ते कळवतील तेव्हा कळवतील. मी हळूच वही पाहिली. नवीन पान. वर धाकट्याचं नाव, खाली तारीख, क्लबचं नाव, 'ट्रायल, पुणे. बसभाडं माझ्याकडून.'

शेऱ्याचा रकाना तेवढा कोरा ठेवलाय.